हिरवी पाटी आणि तापलेली भिंत

पुण्या-मुंबईतल्या कोणत्याही नव्या गृहप्रकल्पाचे माहितीपत्रक उघडा, त्यात एक पान हिरवे असतेच. जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे सौरऊर्जेवर, ओल्या कचऱ्यासाठी खतखड्डा, पावसाच्या पाण्याचे पुनर्भरण, विजेच्या गाड्यांसाठी चार्जिंगची सोय आणि कोपऱ्यात एखाद्या मानांकन संस्थेचे चिन्ह. यातले काहीच वाईट नाही. पण ज्या घराचे हप्ते माणूस वीस वर्षे फेडणार आहे, त्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीतून मे महिन्यात किती उष्णता आत येणार, हे त्या पानावर नसते. सेल्स ऑफिसमधल्या मुलाला विचारले तर तो 'क्रॉस व्हेंटिलेशन आहे, सर' एवढे म्हणतो. त्याचा दोष नाही, त्याला कोणी काही सांगितलेलेच नसते. माझे म्हणणे एवढेच आहे की हा आकडा मोजून घर घेणाऱ्याच्या हातात दिला जात नाही, तोवर सरकारने हिरव्या इमारतींना वाढीव बांधकामाची बक्षिशी देऊ नये.

बक्षिशी छोटी नाही. मुंबई वगळता बहुतेक महाराष्ट्राला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत हरित मानांकनासाठी मूळ चटई क्षेत्राच्या, म्हणजे भूखंडावर मुळात मंजूर असलेल्या बांधकामाच्या, ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय, म्हणजे तेवढा बांधकामाचा वाढीव हक्क, मिळतो. गृहा, आयजीबीसी किंवा लीड या मानांकनांपैकी एकाची जितकी वरची पायरी, तितका जास्त. मूळ चटई क्षेत्र १०,००० चौरस मीटर असेल, तर ७ टक्के म्हणजे ७०० चौरस मीटर, साडेसात हजार चौरस फूट. चौरस फुटाला आठ हजार रुपये दर धरला तरी सहा कोटींचा माल. कबूल केलेले मानांकन मिळाले नाही तर दंडाची तरतूद आहे, हे खरे. पण मिळालेले मानांकन इमारतीत माणसे राहायला आल्यावर खरे ठरले का, हे बघायला कोणी परत येत नाही. तोवर जादा फ्लॅट विकले गेलेले असतात, सोसायटी स्थापन झालेली असते, आणि सांडपाणी शुद्धीकरण संयंत्र चालवायचा खर्च परवडत नाही म्हणून ते बंद ठेवावे का, यावर वार्षिक सभेत खडाजंगी चाललेली असते.

आता भिंतीकडे येऊ. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मोठ्या प्रकल्पांमध्ये वीट मागे पडली आणि ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंती आणि स्लॅब एकत्र ओतायची पद्धत आली. बांधकामावर तिला सगळे 'माईवान' म्हणतात. तिचे गुण मोठे आहेत. सात-आठ दिवसांत एक मजला उभा राहतो, गवंड्यांची फौज लागत नाही, भूकंपात इमारत एकसंध राहते, सांध्यांतून गळती कमी होते. पण या पद्धतीत बाहेरची भिंतही काँक्रीटची होते, आणि पुष्कळदा जेमतेम १५ सेंटिमीटर जाडीची. काँक्रीट विटेपेक्षा उष्णतेचे चांगले वाहक आहे. अशा भिंतीतून जुन्या नऊ इंची विटेच्या, दोन्हीकडून गिलावा केलेल्या भिंतीच्या पावणेदोन पटीच्या आसपास उष्णता आत येते. २० सेंटिमीटर जाडीच्या एएसी ब्लॉकच्या, म्हणजे त्या पांढऱ्या हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांच्या, भिंतीशी तुलना केली तर चौपटीहून जास्त. दिवसभर तव्यासारखी तापलेली ती भिंत रात्री दहानंतरही खोलीत उष्णता सोडत राहते. बाहेर गार वारा सुटलेला असतो आणि आत माणूस एसीचा रिमोट शोधत असतो. वर, अलीकडच्या फॅशनप्रमाणे, तीच भिंत बाहेरून गडद राखाडी रंगवलेली.

हे मोजायचे कसे, याचे सूत्र आपल्याकडे तयार आहे. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ साली निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' काढली. तिच्यात आरईटीव्ही नावाचा आकडा आहे. छप्पर सोडून घराच्या बाहेरच्या सगळ्या अंगाने, म्हणजे भिंती, खिडक्या आणि काचा मिळून, दर चौरस मीटरला सरासरी किती वॅट उष्णता आत येते, ते तो सांगतो. थंड हवामानाचे प्रदेश वगळता हा आकडा १५ च्या वर जाऊ नये, अशी शिफारस आहे. छपरासाठी वेगळी मर्यादा आहे. हा आकडा काढायला महासंगणक लागत नाही; नकाशा, भिंतीचे साहित्य, काचेचा प्रकार आणि दिशा माहीत असली की वास्तुविशारदाच्या कार्यालयातला कनिष्ठ सहकारी दुपारभरात तो काढू शकतो. २०२२ च्या डिसेंबरमध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती होऊन मोठ्या निवासी इमारतीही त्याच्या कक्षेत आल्या. तरीही घर घेणाऱ्या शंभर जणांपैकी एकाने तरी हे नाव ऐकले असेल का, याची मला शंका आहे. चारचाकी घेताना मायलेज विचारणारे आपण, फ्रिजवरचे तारे मोजणारे आपण, आयुष्यातली सर्वांत महाग खरेदी मात्र लॉबीतला संगमरवर बघून करतो.

मानांकन संस्थांचे लोक यावर म्हणतील की आमच्याकडे ऊर्जेलाही गुण आहेत आणि काही किमान अटीही आहेत. मान्य. पण एकूण गुण पाण्याला, कचऱ्याला, जागेच्या निवडीला, बांधकाम साहित्याला, असे बऱ्याच ठिकाणी वाटलेले असतात. एका बाजूला कमी पडले तर दुसऱ्या बाजूने भरून काढता येते. शिवाय मोठ्या इमारतींत बचतीचा दावा बहुतेकदा एका कल्पित इमारतीशी तुलना करून केला जातो. संगणकात तीच इमारत नियमापुरत्या दर्जाची धरायची, तिचा वापर काढायचा आणि आपली त्यापेक्षा वीस-तीस टक्के कमी वीज खाते असे दाखवायचे. आयटी पार्कातली चारी बाजूंनी काचेची इमारत अशा गणितातून उत्तम श्रेणी मिळवू शकते, कारण महागडी काच आणि कार्यक्षम एसी यंत्रणा लावून तिने कल्पित इमारतीला मागे टाकलेले असते. मुळात पुण्यासारख्या गावात इतकी काच कशाला, हा प्रश्न त्या गणितात येतच नाही. उत्तर युरोपात काच लावतात ती दुर्मीळ ऊन घरात घेण्यासाठी. आपल्याकडे तीच काच लावायची, मग आतून पडदे ओढायचे, मग अंधार झाला म्हणून भर दुपारी दिवे लावायचे, आणि त्या दिव्यांची उष्णता बाहेर काढायला एसी वाढवायचा.

कल्पित इमारतीऐवजी खऱ्या मीटरवर श्रेणी देणे जगात नवे नाही. ऑस्ट्रेलियात नेबर्स या पद्धतीत कार्यालयाला तारे मिळतात ते बारा महिन्यांच्या प्रत्यक्ष वापरावरून, आणि २०१० च्या कायद्यानुसार मोठे कार्यालय विकताना किंवा भाड्याने देताना ते तारे जाहिरातीत छापावे लागतात. न्यूयॉर्कमध्ये मोठ्या इमारतींना ऊर्जेची श्रेणी दारावर लावावी लागते. आपल्याकडेही ब्यूरोने २००९ साली कार्यालयांसाठी अशीच तारांकित योजना आणली, दर चौरस मीटरला वर्षाला किती युनिट वीज लागली यावर आधारलेली. फक्त ती ऐच्छिक ठेवली. आणि जे ऐच्छिक असते ते ज्याला चांगले गुण पडणार आहेत तोच करतो.

घरांच्या बाबतीत मात्र वीजबिलाचे माप चालणार नाही, हे मी आधीच कबूल करतो. ज्याला एसी परवडत नाही त्याचे बिल कमी येते आणि तो उकाड्यात भाजतो. त्या घराला पाच तारे देणे ही क्रूर थट्टा होईल. म्हणून कार्यालयांना मीटर आणि घरांना भिंत-खिडकीचा आकडा, अशी दोन मापे हवीत. त्याला जोड म्हणून भोगवटा प्रमाणपत्राआधी, शक्य तिथे उन्हाळ्यात, वरच्या मजल्यावरच्या एका रिकाम्या पश्चिममुखी फ्लॅटमध्ये आठवडाभर तापमान नोंदणारे यंत्र ठेवावे आणि बाहेरच्या सावलीतल्या तापमानाशी ताडून बघावे. असे यंत्र काही हजार रुपयांत मिळते. सहा कोटींच्या बक्षिशीपुढे हा खर्च सांगायचीही लाज वाटावी.

यात सरकारी नियमांनीच केलेले एक नुकसान आहे, सावली महाग करण्याचे; त्यावर फार बोलले जात नाही. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्याला भर दुपारी सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर असतो. तेव्हा सर्वाधिक मार गच्चीला बसतो, आणि त्याखालोखाल पूर्व-पश्चिम भिंतींना, सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हाचा. दक्षिणेला खिडकीवर दोन फुटी छज्जा पुरतो. पश्चिमेला तो निरुपयोगी, कारण ऊन त्याच्या खालून आत शिरते. पश्चिमेला लागते खोल सावली, म्हणजे पडवी, गॅलरी, उभी जाळी किंवा झाड. मुंबईच्या जुन्या चाळींना समोरून सलग गॅलरी असायची, ती केवळ शेजाऱ्यांशी गप्पा मारायला नव्हती. चार्ल्स कोरिया यांनी १९८३ साली मुंबईत पूर्ण केलेल्या कांचनजंगा इमारतीतही हाच विचार आहे. तिथे समुद्राचा वारा आणि देखावा पश्चिमेला, आणि दुपारचे ऊन व पावसाचा मारा हेही पश्चिमेलाच. म्हणून त्यांनी जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्यासारखी दुमजली उंचीची गच्ची-बाग घराच्या कोपऱ्यात ओढून घेतली आणि राहण्याच्या खोल्या तिच्या मागे ठेवल्या. इमारत श्रीमंतांची आहे, पण त्यातली युक्ती चाळीतल्या माणसाला ठाऊक होती.

मग गॅलऱ्या गेल्या कुठे? आधी पैसे भरून बाल्कनी बंद करून घ्यायची मुभा आली आणि खोल्या मोठ्या झाल्या. पुढे बिल्डरांनी एफएसआयमधून सूट असलेल्या फ्लॉवरबेड, कोनाडे आणि बाल्कन्या यांचा इतका गैरफायदा घेतला, की २०१२ मध्ये मुंबईच्या नियमांत दुरुस्ती होऊन हे सगळे चटई क्षेत्रात मोजायला सुरुवात झाली आणि बदल्यात अधिमूल्य भरून फंजिबल, म्हणजे घराच्या कोणत्याही भागासाठी वापरता येणारा, एफएसआय देण्यात आला. चोरी थांबवायला ते आवश्यक होते, यात वाद नाही. २०२० च्या राज्य नियमावलीतही बाल्कनी क्षेत्रात धरली जाते. पण याचा सोपा परिणाम असा, की सावलीचा प्रत्येक फूट आता खोलीच्या फुटाइतकाच महाग झाला. मग बिल्डर सावली कशाला देईल? खिडकी भिंतीच्या पृष्ठाशी आली, तिच्यावरचा छज्जा बोटभर उरला. एकीकडे सावलीवर पैसे आकारायचे आणि दुसरीकडे हिरव्या पाटीवर एफएसआय वाटायचा, हे एकाच खात्याचे दोन हात एकमेकांविरुद्ध चालल्याचे लक्षण आहे. पूर्व आणि पश्चिमेला कायम उघड्या राहणाऱ्या, काचेने बंद करता न येणाऱ्या सावलीला चटई क्षेत्रातून सूट द्यावी. पुढे ती बंद केली तर दंड. आणि तपासणी आता उपग्रह नि ड्रोनच्या काळात अशक्य नाही.

या विषयावर बोलायला लागले की कोणीतरी वाड्यांची आठवण काढतो. जाड भिंती, मधला चौक, माळवदावर पांढरी माती, आत गारवा. सगळे खरे. पण मराठवाड्यात हे सांगताना जपून सांगावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-धाराशिव भागात हजारो माणसे मेली, ती मोठ्या प्रमाणात याच गार घरांखाली. दगडाच्या जाड भिंतींचे आतले-बाहेरचे थर एकमेकांना बांधलेले नव्हते, आणि माथ्यावर मातीचे प्रचंड ओझे होते. ज्या बाईचे घर असे कोसळले तिला 'मातीकडे परत चला' म्हणणे सोपे नाही, आणि ती सिमेंटच मागेल. त्याच भूकंपानंतरच्या पुनर्वसनात दगडी भिंतींत जोडदगड घालून, वरून पट्टा बांधून जुनी घरे मजबूत करायचे कामही झाले. म्हणजे मार्ग होता. पण सरकारी अंदाजपत्रकात मातीला दर नसतो, कंत्राटदाराला मातीत नफा नसतो, आणि बँकेला माती 'कच्ची' वाटते. मला स्वतःला वाड्यांचे गोडवे गाण्यापेक्षा कोकणातला चिरा आणि विदर्भातल्या राखेची वीट यांच्याबद्दल बोललेले आवडते. चंद्रपूर-कोराडीच्या औष्णिक केंद्रांतून राखेचे डोंगर निघतात; त्यांच्या विटा, आणि त्याच राखेचा वापर करणारे सिमेंट, हा चालू बाजारातला माल आहे. जगाच्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के असल्याने क्लिंकर, म्हणजे भट्टीत भाजून काढलेला सिमेंटचा मुख्य घटक, जितका कमी, तितके बरे.

आणि इथेच हिरव्या चर्चेतली सर्वांत मोठी लबाडी उघडी पडते. ती चर्चा ज्यांच्याकडे एसी आहे त्यांच्या घरांबद्दल चालते. चंद्रपुरात पारा ४७ अंशांपुढे जातो तेव्हा सर्वांत जास्त कोण भाजतो? पत्र्याखालचा माणूस. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. मिळणाऱ्या अनुदानात माणूस भिंती उभ्या करून वर पत्रा टाकतो किंवा कसाबसा स्लॅब ओततो. त्या घराचे छप्पर हेच त्याचे हवामान. पत्र्याखाली बांबूची तट्टी किंवा गवताचा थर, स्लॅबवर फुटक्या पांढऱ्या टाइल्सचा थर किंवा दर उन्हाळ्याआधी चुन्याचा हात, एवढ्याने आतले तापमान दोन ते पाच अंशांनी उतरू शकते. मुंबई-पुण्यातल्या जुन्या गच्च्यांवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर चायना मोझॅक असायचे. गळती थांबवायला केलेली ती सोय उष्णताही अडवायची. तेलंगणाने २०२३ मध्ये गार छपरांचे स्वतंत्र धोरण काढले आणि ठरावीक आकारापुढच्या इमारतींना ते बंधनकारक केले. आपल्याकडे हप्ता सोडताना घरकुलाचा फोटो काढून अपलोड करतात. त्याच फोटोत छपराचा रंग पांढरा दिसावा, एवढी अट आणि त्यासाठी दोन-तीन हजार रुपये जादा, हे जमू नये?

मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींची गोष्ट तर याहून वाईट. तिथे मुख्य प्रश्न विजेचा नाही, श्वासाचा आहे. गोवंडी परिसरातल्या लल्लूभाई आणि नटवर पारेख वसाहतींमध्ये इमारतींच्या मधे जेमतेम तीन मीटर जागा सोडली गेली. खालच्या मजल्यांवर दिवसा दिवा लावावा लागतो. तिथल्या आरोग्याचा अभ्यास झाला तेव्हा जवळच्याच, मोकळी बांधणी असलेल्या पीएमजीपी वसाहतीच्या तुलनेत क्षयरोगाचे प्रमाण खूप जास्त आढळले. म्हणजे इमारतींमधले अंतर, म्हणजेच ऊन आणि वारा, हे औषधाच्या बरोबरीचे काम करतात. या इमारतींना कोणी हरित मानांकन देत नाही म्हणून त्या या चर्चेतही येत नाहीत. माझ्या मते सरकारला एफएसआय वाटायचाच असेल, तर पहिला वाटा इथे दोन इमारतींमधले अंतर वाढवणाऱ्याला द्यावा.

'खर्च वाढतो' हे उत्तर मला माहीत आहे. पण ते पूर्ण उत्तर नाही. हलके ब्लॉक वापरले की इमारतीचे वजन कमी होते आणि लोखंडात थोडी बचत होते. फिकट रंग गडद रंगापेक्षा महाग नसतो. खिडकी पश्चिमेऐवजी उत्तरेला काढायला खर्च शून्य, फक्त नकाशा काढताना विचार लागतो. खर्च वाढतो तो काँक्रीटच्या बाह्य भिंतीवर उष्णतारोधक थर चढवताना, आणि तिथेच बक्षिशी कामाला यावी. पद्धत अशी असावी: जादा एफएसआय घेणाऱ्याने त्याच्या बाजारमूल्याची बँक हमी महापालिकेकडे ठेवावी. घरांसाठी उन्हाळ्यातली तपासणी आणि कार्यालयांसाठी ताबा दिल्यानंतरचे दोन वर्षांचे वीजमीटर बघून ती सोडावी. आकडा चुकला तर तेवढी रक्कम सोसायटीच्या खात्यात जमा व्हावी, सरकारच्या नव्हे. उकाडा सोसायटीतली माणसे भोगणार असतात.

याची सुरुवात बिल्डरांपासून करायची गरज नाही. महारेराच्या विक्रीकरारात घराचे चटई क्षेत्र (इथे कार्पेट एरिया, म्हणजे घराच्या आतले वापराचे क्षेत्र) लिहिणे २०१७ पासून बंधनकारक झाले, आणि जिने-लॉबी धरून फुगवलेल्या सुपर बिल्टअपच्या नावाखाली चालणारी फसवणूक त्यामुळे बरीच आटोक्यात आली. त्याच करारात फ्लॅटची दिशा आणि आरईटीव्ही लिहिता येईल. म्हाडाच्या सोडतीच्या जाहिरातीत उत्पन्न गट, चटई क्षेत्र, किंमत, अनामत असे रकाने आधीपासून आहेत. त्यात आणखी एक रकाना वाढवण्यासाठी कोणालाही विधिमंडळात जावे लागणार नाही.